दामल्यांचा भाला

किस्से जमवावे लागत नाहीत हो! चार मराठी माणसं परमुलखात एकत्र आली, त्यांना स्वतःचा हॉल मिळाला आणि त्या हॉलची एक भिंत रिकामी राहिली, की पुढचं सगळं आपोआप होतं. आमच्या लखनौच्या मराठी मंडळात नव्वदच्या दशकात असे इतके किस्से साठले की पुण्याहून कोणी पाहुणा आला तर त्याला चहाच्या आधी एक आणि चहानंतर एक ऐकावाच लागायचा. त्यातही भाल्याचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. कारण सोपं आहे. स्कूटर माझी होती!

मी आपटे. तेव्हा हज़रतगंजमधल्या एका बँकेत होतो आणि राहायला अलीगंजला. मंडळाचा हॉलही अलीगंजलाच. हॉल म्हणजे एक लांबट खोली, एका टोकाला वीतभर उंचीचं स्टेज आणि स्टेजच्या मागे ती भिंत. पांढरी, कोरी करकरीत. त्या भिंतीचं काय करायचं यावरून आमच्या मीटिंगा गाजायला लागल्या.

रेल्वेतले इंजिनियर रानडे म्हणाले, "कूलर बसवा. उन्हाळ्यात नाट्यप्रवेश बघताना माणसं घामाने भिजतात."

अध्यक्ष दामले म्हणाले, "भाला लावू."

दामले केंद्र सरकारच्या ऑडिट खात्यात होते. नियमाबाहेर शिंकायचे नाहीत. असा माणूस भाला म्हणतो म्हणजे काय!

"लहानपणी साताऱ्याला संग्रहालयात बघितला होता," दामले सांगायला लागले. "घोडेस्वाराचा भाला. तसा हुबेहूब करून घेऊ. हाताने घडवलेला, अस्सल. आपली मुलं आपल्याशी हिंदीत बोलतात रानडे. भाला बघून एखादं तरी विचारेल, की हे काय आहे. मग मी सांगेन."

रानड्यांची कॉलेजात जाणारी मुग्धा मागे बसली होती. ती म्हणाली, "अंकल, पूछ तो मैं अभी भी सकती हूँ!"

हशा झाला. त्यात रानड्यांना चेव आला. "अहो दामले, तुमच्या खात्यात जन्म गेला तुमचा. तुमचा भाला कागदावरच राहणार! लिहून घ्या माझ्याकडून."

दामल्यांचा चेहरा लालबुंद झाला. ते उठले, भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाले, "खंडेनवमीच्या आरतीला भाला या भिंतीवर नसेल, तर या हॉलचा उंबरा मी पुन्हा ओलांडणार नाही!"



*

तुम्ही म्हणाल, माणूस रागात काहीही बोलतो. दामले नाही. त्यांचा पानाचा किस्सा ऐका म्हणजे कळेल.

दामल्यांना पानाचा भारी शौक. लखनौला बदली झाली तेव्हा म्हणे बायकोला सांगितलं होतं, गाव चांगलं आहे, पान उत्तम मिळतं. एकदा ऑफिसात साहेबासमोर शर्टावर पिंक सांडली. साहेब काहीतरी बोलला. दामले तिथेच म्हणाले, "आजपासून पान बंद." झालं! पुढे बायकोने समजावलं, मित्रांनी समजावलं, तो साहेब बदलून गेला, तरी पान बंद म्हणजे बंद. संध्याकाळी माझ्याबरोबर चालताना पानाच्या टपरीपाशी क्षणभर थांबायचे, वास घ्यायचे आणि पुढे निघायचे.

म्हणून ती प्रतिज्ञा ऐकून आम्ही घाबरलो. कारण दामल्यांना मंडळाशिवाय होतं कोण? बायको जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगी लग्न होऊन नाशिकला. ऑफिस सुटलं की दामले हॉलवर. हॉलला कुलूप लावलं की घरी, तेही फक्त झोपायला. गणपतीचं मखर, मुलांचं पाठांतर, रविवारचा कॅरम, सगळं तिथेच. कॅरममध्ये त्यांचे पार्टनर कोण, तर रानडे!

मंडळाची पूजाअर्चा सांभाळणाऱ्या काळेवहिनींनी दुसऱ्या दिवशी दामल्यांना गाठलं. "अहो, बोलण्याच्या भरात गेलं ते. आपलीच माणसं आहेत सगळी. सोडून द्या."

"बोलण्यात गेलं वहिनी," दामले म्हणाले, "म्हणून तर करायला हवं."

*

आता भाला करणारा शोधायचा. रानड्यांचा सल्ला तयार. "हज़रतगंजला खेळाच्या सामानाचं दुकान आहे. भालाफेकीचा भाला घ्या, काळा रंग मारा, लावा भिंतीला. कोणाला कळतंय!"

दामले त्यानंतर आठवडाभर रानड्यांशी फक्त कॅरमपुरतं बोलले.

मग आम्ही दोघं स्कूटरवरून लोहारांच्या दुकानांत हिंडलो. दामल्यांकडे आठवणीने काढलेलं पेन्सिलचं चित्र होतं. ते भाल्यापेक्षा पिंपळाच्या पानासारखं दिसत होतं, पण हे त्यांना सांगणार कोण! पहिला लोहार चित्र उलटंसुलटं करून म्हणाला, "बाबूजी, यह बेलचा है?" बेलचा म्हणजे फावडं! दुसऱ्याने भाला शब्द ऐकताच शटर अर्धं खाली ओढलं. तिसऱ्याने मात्र आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "कौन सी पार्टी से हैं आप लोग? कितने पीस चाहिए?"

दामले घाम पुसत बाहेर आले. "आपटे, सरकारी नोकर आहे हो मी!"

शेवटी चौकातल्या एका अत्तरवाल्याने नाव सांगितलं, छुट्टन उस्ताद. हे मुहर्रमचे अलम करायचे. अलम म्हणजे उंच काठीवर बसवलेलं धातूचं निशाण. लखनौमध्ये अलमाला फार मान. लोक हात लावून डोळ्यांना लावतात, नवस बोलतात. त्या वर्षांत शहरात अलमांचे जुलूस रस्त्यावर काढायला बंदी होती, म्हणून उस्तादांचं काम थोडं मंदावलं होतं. तोंड मात्र मंदावलेलं नव्हतं!

"भाला?" उस्ताद तक्क्याला टेकून म्हणाले. "हुज़ूर, मेरे परदादा ने ऐसे अलम बनाए हैं कि नवाब खड़े होकर देखते थे. भाला तो मैं सोते-सोते बना दूँ!"

आणि त्यांनी पानाचा डबा दामल्यांच्या पुढे केला.

दामल्यांनी हात जोडले. "मैं पान नहीं खाता."

उस्तादांनी डबा मिटला. लखनौमध्ये पहिल्या भेटीत पान नाकारणं म्हणजे काय, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. सौदा तिथेच फिसकटणार असं वाटलं. मी घाईघाईने दोन पानं उचलली आणि दोन्ही तोंडात कोंबली. "एक इनका भी!" असं म्हणालो, निदान म्हणायचा प्रयत्न केला. उस्ताद खो खो हसले आणि काम घेतलं.

*

खरी ठिणगी पडली ती धारेवरून.

उस्तादांनी अट घातली, "फल बनेगा, नोक बनेगी, चमक ऐसी कि मुँह देख लीजिए. मगर धार नहीं दूँगा."

"भाल्याला धार नाही?" दामले चमकले. "मग तो भाला कसला?"

"डंडे पर चढ़ाकर जो चीज़ इस दुकान से निकलती है, उसे लोग चूमते हैं, बच्चे छूते हैं. धार वाली चीज़ मैंने आज तक नहीं दी. आपको चाहिए तो कहीं और देख लीजिए."

कुठे बघणार? तिसऱ्या लोहाराकडे?

मीटिंगमध्ये हे कळलं आणि रानड्यांना रानच मोकळं मिळालं. "बोथट भाला! म्हणजे आमच्या दामल्यांच्या ऑडिटसारखाच. दिसायला भीती, लागत कोणालाच नाही!" सगळे हसले. रानडे पुढे म्हणाले, "मंडळाची इभ्रत आहे का नाही? आणल्यावर मी वर्कशॉपमधून धार लावून आणतो. अशी लावतो की भोपळा नुसता टेकवला तरी दोन फाका."

दामल्यांनी टोपी हातात घेतली. अस्सल, अस्सल म्हणून त्यांनीच तर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. शेवटी म्हणाले, "उस्तादांना मी शब्द दिलाय. धार लागणार नाही."

"पण अस्सल नाही ना मग तो!"

"शब्द अस्सल आहे," दामले म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

*

श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. भाल्याचा पत्ता नाही.

दामले रोज ऑफिस सुटलं की चौकात. उस्ताद रोज उठून उभे राहायचे, "आइए आइए, तशरीफ़ रखिए. बस समझिए हो गया!" हे "बस समझिए हो गया" आम्ही इतक्या वेळा ऐकलं की पुढे माझी बायको कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तेच म्हणायला लागली.

पितृपक्षात एकदा मी बरोबर होतो. भाल्याचं पातं खरंच तयार झालं होतं. देखणं! मध्ये उभा कणा, खाली पितळेचं कोंदण. दामल्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "यही है," म्हणाले. "बिलकुल यही."

उस्तादांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, उजेडात धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "नहीं. बायाँ कंधा झुका हुआ है." आणि आमच्या डोळ्यांदेखत ते पातं भट्टीत घातलं!

"अरे! अरे! मुझे मंज़ूर है!" दामले ओरडले.

"मुझे नहीं है," उस्ताद म्हणाले.

परतताना स्कूटरवर मागून एक शब्द आला नाही. मला वाटलं माणूस पडला की काय. वळून बघितलं तर दामले नुसते समोर बघत बसले होते.

नवरात्र बसलं त्या संध्याकाळी ते माझ्या घरी आले. हॉलची किल्ली टेबलावर ठेवली. "तुमच्याकडे असू दे. उघडायची सवय करून घ्या. डावीकडचं दार जरा उचलून घ्यावं लागतं, नाहीतर घासतं."

"अहो दामले, वेळ आहे अजून."

"आहे ना. पण सवय लागायला वेळ लागतो," ते म्हणाले. मग माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, रविवारी सकाळी तुमच्याकडे पेपर वाचायला आलो तर चालेल ना? म्हणजे, पुढे."

ते गेल्यावर बायको आत जाऊन डोळे पुसून आली. मला रानड्यांचा असा राग आला म्हणून सांगू! तसाच उठून त्यांच्या घरी गेलो. रानडे व्हरांड्यात लोखंडाचे दोन आकडे कानशीने घासत बसले होते.

"हे काय करताय?"

"काही नाही," रानडे म्हणाले. "वेळ जात नव्हता."

*

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी चौकातून निरोप आला, माल तयार आहे, घेऊन जा.

त्या दिवशी शहरात दसरा-दुर्गापूजेचा बंदोबस्त होता. जमावबंदी लागू, नाक्यानाक्यावर पोलीस, काठीसुद्धा हातात घेऊन फिरायची सोय नाही. आणि आम्हाला माणसापेक्षा उंच भाला चौकातून गोमतीपलीकडे अलीगंजला न्यायचा होता! रिक्षावाले बघूनच पुढे गेले. आडवा धरावा तर गल्ली झाडत जाणार. तेव्हा ठरलं, मी स्कूटर चालवायची आणि दामल्यांनी मागे बसून भाला उभा धरायचा.

उस्तादांनी आपल्या रिवाजाप्रमाणे पात्याला काळं कापड गुंडाळलं, वर गोट्याची जरीची किनार लावली आणि दोन्ही हातांनी भाला दामल्यांच्या स्वाधीन केला. काम त्यांनी असं केलं होतं की मी उगाच कुरकुर करायला तोंड उघडलं ते तसंच मिटलं.

गल्लीत वर विजेच्या तारा. मी पाय जमिनीला टेकवत हळूहळू चाललो होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं की लोक बाजूला होतायत. एका दुकानदाराने उभं राहून हात छातीला लावला. सायकलवाला सायकलवरून उतरला. मला वाटलं, वा, ऑडिट ऑफिसरला इथे काय मान आहे!

एका दारातून एक म्हातारी लगबगीने आली. अंगावर पांढरा दुपट्टा. तिने स्कूटर थांबवली, भाल्याच्या काठीला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि पुटपुटत रडायला लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काळं कापड, उंच काठी, उस्तादांची गल्ली. लोक याला अलम समजतायत!

मी कुजबुजलो, "दामले! सांगा तिला!"

दामले आयुष्यात खोटं बोललेला माणूस नाही. त्यांनी तोंड उघडलं. म्हातारी म्हणत होती, "मेरा बेटा घर आ जाए. बस घर आ जाए." आणि दुपट्ट्याच्या कडेचा एक धागा तोडून ती काठीला बांधत होती.

दामल्यांनी तोंड मिटलं. तिची गाठ नीट बसेपर्यंत त्यांनी काठी स्थिर धरून ठेवली.

पुढच्या वळणावर मागून आवाज आला, "आपटे, मी तिला सांगायला हवं होतं का हो?"

मी वरच्या तारांकडे बघत स्कूटर पुढे रेटली.

*

गल्ली संपली आणि नाक्यावर दरोगासाहेबांनी, म्हणजे तिथल्या फौजदारांनी, काठी आडवी घातली. आमच्या मागे तोवर पाचसहा माणसं अदबीने चालत आली होती. ती बघून दरोगासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"यह क्या है? अलम निकाल रहे हैं आप लोग? मालूम नहीं, बंद है?"

दामले खाली उतरले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "जी नहीं. यह अलम नहीं है."

"तो क्या है?"

"भाला है."

मेलो! मी मनातल्या मनात बँकेचा राजीनामासुद्धा लिहून टाकला.

दरोगासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, मागच्या माणसांकडे बघितलं, मग हळू आवाजात म्हणाले, "भाईसाहब, अलम कहिए तो मुसीबत, भाला कहिए तो उससे बड़ी मुसीबत. आप कुछ और नहीं कह सकते?"

दामल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "जी नहीं."

"खोलिए."

मागची माणसं जवळ सरकली. दामल्यांनी कापड सोडलं. पातं उन्हात लखलखलं. इतक्या लोकांनी ज्याला हात जोडले ते हे! आता काय होतंय कोण जाणे! मागच्यांतले एक वयस्क गृहस्थ पुढे आले. "हम तो समझे थे..." एवढंच म्हणून थांबले. मग पातं निरखून म्हणाले, "छुट्टन के हाथ का है. इसमें धार नहीं होगी, दरोगा जी. देख लीजिए."

दरोगासाहेबांनी अंगठा फिरवून बघितला. खात्री पटेना. शेजारी भाजीचा ठेला होता. त्यावरची एक दुधी उचलून त्यांनी पात्यावर दाबली. कापली नाही. आणखी जोर लावला. दुधी चेपली, पण कापली नाही ती नाहीच!

ठेलेवाला कळवळला, "साहब, अब इस लौकी को कौन लेगा?"

"मैं लूँगा," दामले म्हणाले.

"जाइए," दरोगासाहेब म्हणाले. "यह सजावट का सामान है. और भगवान के लिए इसे काले कपड़े में मत ले जाइए!"

पण त्या वयस्क गृहस्थांनी तोवर कापड पुन्हा नीट गुंडाळून दिलं होतं. ते सोडायचं धैर्य आम्हाला झालं नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक नाक्यावर हाच सगळा प्रकार पुन्हा झाला. हॉलवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती.

काळेवहिनी दारातच. दामल्यांच्या एका हातात भाला, दुसऱ्या हातात चेपलेली दुधी. वहिनी म्हणाल्या, "भाला आणायला गेला होतात की भाजी?"

*

आत सगळी तयारी झाली होती. पाटावर ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारं मांडलेली. माझं बँकेतलं पेन, वहिनींची विळी, शिवणाच्या कात्र्या, कोणाची तरी क्रिकेटची बॅट. झेंडूच्या माळा. आणि बाह्या सरसावून उभे रानडे. सकाळपासून रजा टाकून बसले होते म्हणे. ते घासलेले दोन आकडे त्यांच्या हातात.

"नवमी दिवेलागणीपर्यंतच आहे," वहिनी म्हणाल्या. "नंतर दशमी लागते. आटपा."

रानड्यांनी मुग्धाकरवी भाला आत मागवून घेतला. दामले बाहेरच थांबले. उंबऱ्याच्या अलीकडे, चपलांच्या ढिगाशेजारी.

"या की आत," मी म्हटलं.

"अजून भिंतीवर नाही," दामले म्हणाले.

रानड्यांनी ड्रिल लावलं आणि लाइट गेली. लखनौची लाइट, तिच्या येण्याची वाट कोण बघणार! रानड्यांनी छिन्नी-हातोडी घेतली. भिंतीत भोकं पाडली, लाकडाच्या गुट्ट्या ठोकल्या, आकडे पिळून बसवले, भाला वर चढवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि डावीकडचा आकडा गुट्टीसकट, चांगल्या थाळीएवढ्या प्लास्टरसकट बाहेर आला! भाला रानड्यांनी वरच्या वर झेलला म्हणून बरं.

"भिंत पोकळ आहे," रानडे धापा टाकत म्हणाले. "कोणत्या गाढवाने बांधलीय!" पुन्हा दोन विती बाजूला भोक पाडलं. पुन्हा तेच. विटांचा भुगा त्यांच्या केसांत, चष्म्यावर. हा माणूस रेल्वेचे पूल बांधायचा, त्याला ही वीटभर भिंत ऐकेना. त्यांनी तिसऱ्यांदा हातोडी उचलली तेव्हा खिडकीतला उजेड पिवळा पडला होता.

मुग्धा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अंकल, वो सच में अंदर नहीं आएँगे? कभी भी नहीं?"

"कभी भी नहीं," मी म्हणालो.

तिसरं भोक आरपार गेलं. पलीकडचं आकाश दिसलं त्यातून.

वहिनींनी पंचांग मिटलं. निरांजन पेटवलं. "आता थांबता येणार नाही," म्हणाल्या. बाहेर दामल्यांनी खाली वाकून चपलांच्या ढिगातून स्वतःच्या वहाणा शोधायला सुरुवात केली.

"दामले!"

रानड्यांचा आवाज होता. आम्ही वळून बघितलं. रानडे भिंतीला पाठ लावून बाकावर उभे. दोन्ही हात डोक्यावर, आणि हातांत तो आख्खा भाला, भिंतीला आडवा दाबून धरलेला.

"भाला कुठे आहे?" रानडे ओरडले. "बघा नीट. चष्मा पुसा आणि बघा!"

दामल्यांनी खरंच चष्मा पुसला. उंबऱ्याशी येऊन मान वर करून बघितलं. "हा लावलेला नाही," म्हणाले. "धरलेला आहे."

"तुम्ही भिंतीवर म्हणाला होतात. कसा, ते म्हणाला नव्हतात. सगळे साक्षीला आहेत. आहे की नाही भिंतीवर?"

"आहे."

"मग या!"

दामल्यांनी उंबऱ्यावर पाय ठेवला, अडखळले, आणि आत आले.

आमच्या मंडळाची आरती लांबलचक. एकही कडवं कोणी गाळत नाही. त्या दिवशी तर मुग्धासकट सगळी पोरं तार स्वरात म्हणत होती. रानड्यांचे हात थरथरायला लागले होते. मी मदतीला पुढे सरकलो तर त्यांनी असं डोळे वटारून बघितलं की मी जागच्या जागी टाळ्या वाजवत राहिलो. काठीवरचा तो पांढरा धागा त्यांच्या नाकासमोर लोंबत होता.

"हा धागा कसला मध्येच?" आरती चालू असताना रानड्यांनी तोंडातल्या तोंडात विचारलं.

"राहू द्या," दामले म्हणाले.

आरती संपली. दामल्यांनी कुंकवाची वाटी घेतली, रानड्यांशेजारी खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढले. भाल्याच्या पात्याला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मग तेच बोट थोडं खाली आणून रानड्यांच्या घामेजल्या कपाळालाही लावलं.

रानडे म्हणाले, "अहो, प्रसाद तोंडात घाला कोणीतरी. माझे हात मोकळे नाहीत!"